कार्बन फायबरच्या पट्ट्याने चाळ वाचते?

चाळकऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: कार्बन फायबर पोलादाच्या दसपट मजबूत, भिंतींना चिकटवला की जुनी इमारत पन्नास वर्षं निर्धास्त, गळतीही बंद, घर खाली करायला नको.

दसपट म्हणणं फार चुकीचं नाही. नेहमीची सळई 500 मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताणाला कायमची लांबायला लागते, कार्बनचे धागे 3,500 ते 5,000 पर्यंत टिकतात. पण या धाग्यांचं कापड इपॉक्सीने (कडक होणाऱ्या राळेने) विटेवर चिकटवतात, आणि ताण वाढला की ते स्वतः तुटायच्या कितीतरी आधी विटेचा पापुद्रा घेऊन सुटतं. म्हणजे हिशेब शेवटी विटेच्या ताकदीचा. गिरगावातल्या शंभर वर्षं जुन्या, चुन्यातल्या भिंतीची वीट नखाने खरवडली तरी भुगा पडतो. ठेकेदार जुन्या गिलाव्यावरच कापड मारत असेल तर बोलायलाच नको.

‘इमारत निर्धास्त’ हे मात्र सरळ चूक. भूकंपात भिंत बाहेर कलंडू नये, तिला तिरक्या भेगा जाऊ नयेत, यासाठी हे पट्टे खरंच उपयोगी आहेत, तेही टोकं नीट जखडली तर. मजल्यांचं वजन पेलायला त्यांची फारशी मदत होत नाही. चाळीचं दुखणं बहुधा वेगळंच असतं: मोरीचं पाणी झिरपून तुळईचं भिंतीतलं टोक कुजलेलं. बाहेरून दिसतो फक्त ओलीचा डाग. तिथे कापड काय करणार?

गळतीचं तर उलटंच होतं. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते. इपॉक्सीचा थर ती कोंडतो, क्षार साचतात, पकड सुटते. अशा भिंतींना काच किंवा बेसाल्टच्या धाग्यांची जाळी चुन्याच्या मसाल्यात बसवणं जास्त मानवतं. ताकद कमी मिळते, पण भिंतीशी जमतं. शिवाय साधा इपॉक्सी 60 ते 80 अंशांतच मऊ पडतो. आगीपासून संरक्षणाचा थर वेगळा द्यावा लागतो. मेसेजमध्ये आगीचा उल्लेखही नाही.

राहिला घर खाली करण्याचा प्रश्न. तो फायबर विकणारा ठरवत नाही. मुंबई महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या वर्गवारीत सी-1 म्हणजे रिकामी करून पाडायची इमारत. सी-2बी असेल तर राहत्या घरात दुरुस्ती होऊ शकते. उपकरप्राप्त (ज्यांच्या दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो अशा जुन्या) चाळींची अतिधोकादायक यादी म्हाडा पावसाळ्याआधी काढते. आपली इमारत कशात मोडते ते आधी बघा, मग ठेकेदाराला विचारा: आमच्याच भिंतीवर एक तुकडा चिकटवून, ओढून दाखवणार का?