डान्टोंनी कला मारली नाही

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: आर्थर डान्टो नावाच्या न्यूयॉर्कच्या एका प्राध्यापकाने कला मेल्याचं जाहीर केलं. ज्याला कुणी कला म्हणेल ती कला, असा परवानाच त्याने वाटला. आयुष्यात कधी चित्र न काढलेला हा माणूस सौंदर्याचा वैरी होता, आणि त्याच्याच नादाने आपल्या बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजची मुलं वार्षिक डिस्प्लेला भंगार मांडतात. ओळखीच्या एका घरात तर हे वाचून मुलीला प्रवेश घेऊ द्यायचा की नाही, यावर वाद झाला. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

‘कधी चित्र काढलं नाही’ हे धादांत खोटं आहे. १९२४ साली जन्मलेले डान्टो डेट्रॉइटमध्ये वाढले. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते, परतल्यावर कला आणि इतिहास शिकले आणि मग तत्त्वज्ञानासाठी कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे शिकवायला लागल्यावरही १९५० च्या दशकात ते लाकडी ठोकळे कोरून छापे काढत होते, आणि ते छापे प्रदर्शनांत लागत होते. मी स्वतः छापाचित्रं करते, त्यामुळे त्यांचे वुडकट पाहताना नजर आपोआप रेषेवर जाते. काळ्या शाईच्या झपाट्यांच्या गुंत्यातून माणसाची आकृती वर येते आणि पुन्हा त्यातच विरते. कोरताना हात चुकला तर लाकूड परत भरता येत नाही, आणि इतक्या वेगाने कोरायला तयारीचा हात लागतो. १९६० च्या दशकात त्यांनी हे काम थांबवलं ते तत्त्वज्ञानात जास्त रस वाटू लागला म्हणून. त्यांना अपयशी चित्रकार ठरवायला काही आधार नाही.

‘कुणीही कशालाही कला म्हणावं’ हा सगळ्यात मोठा गैरसमज, म्हणून इथे जरा थांबते. १९६४ साली न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने ब्रिलो नावाच्या भांडी घासायच्या साबणघाशांची खोकी मांडली. दुकानातलं खोकं पुठ्ठ्याचं होतं, वॉरहॉलचं प्लायवूडचं, त्यावर सिल्कस्क्रीनने, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून, छापलेलं. लांबून दोन्ही सारखीच दिसत. मूळ खोक्याचं डिझाइन केलं होतं जेम्स हार्वी यांनी, आणि तेही अमूर्त चित्रं काढणारे चित्रकार होते. डान्टोंना प्रश्न पडला: डोळ्यांना फरक दिसत नसताना एक कलाकृती आणि दुसरं सामान, हे कशावरून? त्याच वर्षी ‘द आर्टवर्ल्ड’ या चौदा पानांच्या लेखात त्यांनी उत्तर मांडलं. हा फरक कळायला कलेचा इतिहास आणि तिच्याविषयीचा विचार ठाऊक असावा लागतो, नुसती नजर पुरत नाही.

दांडिया बाजारातल्या मूर्तिकाराकडची गणपतीची मूर्ती प्राणप्रतिष्ठेच्या आधी आणि नंतर दिसायला तीच असते, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. मात्र ही उपमा डान्टोंपेक्षा दुसरे अमेरिकन तत्त्वज्ञ जॉर्ज डिकी यांच्या मताला जास्त लागू पडते. कलाजगताच्या, म्हणजे कलाकार, समीक्षक, गॅलऱ्या यांच्या जगाच्या, वतीने कुणी दर्जा बहाल केला की वस्तू कलाकृती ठरते, अशा अर्थाचा सिद्धांत डिकींचा. डान्टोंच्या लेखातून स्फूर्ती घेऊन तो उभा राहिला, पण डान्टोंना तो मान्य नव्हता. नुसता दर्जा देऊन भागत नाही, त्यामागे कारण हवं, असं त्यांचं म्हणणं. १९८१ च्या ‘द ट्रान्सफिगरेशन ऑफ द कॉमनप्लेस’ या पुस्तकापासून त्यांनी पुढे जे घडवत नेलं त्याचं सार दोन अटींत येतं. कृती कशाविषयी तरी असली पाहिजे, आणि तो अर्थ तिच्या घडणीत उतरलेला असला पाहिजे. ह्याला परवाना कसं म्हणायचं? डिस्प्लेला एखादं काम पटलं नाही, तर हेच दोन प्रश्न त्या मुलाला विचारून बघा. शेजारी लावलेली लांबलचक टिप वाचल्याशिवाय कामातून काहीच हाती लागत नसेल, तर ते डान्टोंच्या कसोटीवरही पडतं.

‘कला मेली’ असंही ते म्हणाले नाहीत. १९८४ मध्ये त्यांनी कलेच्या अंताविषयी लिहिलं खरं, आणि त्यामागे जर्मन तत्त्वज्ञ हेगेलचा विचार आहे. पण संपली ती प्रगतीची एक कहाणी: सोळाव्या शतकात चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या इटलीच्या वसारीपासूनची हुबेहूब चित्रणाची, आणि मग विसाव्या शतकातला अमेरिकन समीक्षक ग्रीनबर्गची, प्रत्येक माध्यमाने स्वतःला शुद्ध करत नेण्याची. वॉरहॉलनंतर ‘आता पुढची पायरी कोणती’ हा प्रश्नच उरला नाही, आणि चित्रकार हवं ते करायला मोकळा झाला, असं त्यांचं म्हणणं. ज्या वर्षी हे लिहिलं, त्याच वर्षी ते ‘द नेशन’ साप्ताहिकाचे कलासमीक्षक झाले आणि २००९ पर्यंत प्रदर्शनांवर लिहीत राहिले. कला मेली असं मानणारा माणूस पंचवीस वर्षं गॅलऱ्या पालथ्या घालत नाही.

सौंदर्याबद्दल थोडक्यात. २००३ मध्ये त्यांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. कला असण्यासाठी सौंदर्याची अट नाही, हे त्यांचं मत. पण अमेरिकन अमूर्त चित्रकार रॉबर्ट मदरवेलच्या स्पॅनिश प्रजासत्ताकावरच्या शोकचित्रांत सौंदर्य हा अर्थाचाच भाग आहे, हेही त्यांनीच दाखवलं. आणि सौंदर्याशिवायचं जगणं माणसाला परवडणार नाही, असं ते मानत.

मजकुरात शेवटी ‘आपल्या परंपरेचा त्याला गंधही नव्हता’ असंही आहे. कोलंबियात जपानी विचारवंत डी. टी. सुझुकींची झेन या बौद्ध पंथावरची व्याख्यानं त्यांनी ऐकली होती आणि १९७२ मध्ये भारतीय-चिनी विचारांवर पुस्तक लिहिलं होतं. त्या पुस्तकातला निष्कर्ष मला पटत नाही. कर्म-पुनर्जन्मासारख्या समजुती ज्याला मान्य नाहीत, त्याला त्यांवर उभी असलेली नीतीही उसनी घेता येणार नाही, असं ते म्हणतात. माझ्या मते हे फार घाईचं आहे. कलेच्या प्रगतीची जी कहाणी ते सांगतात, तिचा नकाशाही अपुरा आहे. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या जुन्या तांबेकर वाड्याच्या भिंतींवर महाभारत, कृष्णलीला, इंग्रज-मराठा लढाई आणि युरोपीय माणसं एकाच घरात रंगवलेली आहेत. ती रंगवणाऱ्यांना वसारीच्या शिडीवर कुठली पायरी द्यायची? डान्टोंनी ती कहाणी पाश्चात्त्य कलेची म्हणूनच सांगितली, हे खरं. पण ती संपल्यावर मिळालेलं स्वातंत्र्य मात्र ते सगळ्या जगाचं धरतात, आणि माझा त्यांच्याशी खरा वाद तिथे आहे.