स्वल्प स्वल्प डच

बेल्जियमला नोकरी लागली हे बेळगावात आमच्या गल्लीत सांगितलं, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "बरं झालं की, गावातच मिळाली." काकूंना ऐकायला कमी येतं. पण पुढं दोन वर्षांत मला कळलं की त्या फारशा चुकल्या नव्हत्या.

तसा आमच्या घरातला पहिला परदेश प्रवास आजोबांनी केला. १९५६ साली, खाटेवरून न उठता. रात्री मुंबई राज्यात झोपले, सकाळी म्हैसूर राज्यात उठले. १९७३ ला त्याचं कर्नाटक झालं, तेव्हाही ते त्याच खाटेवर होते. २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, ते मात्र बघायला आजोबा नव्हते. त्या एका बदलानं नातवाला किती घाम फोडला तेही त्यांना कळलं नाही.

माझी खोली ब्रुसेल्सच्या वेशीबाहेर, फ्लेमिश हद्दीत. ब्रुसेल्समध्ये रस्त्याच्या पाट्या फ्रेंच आणि डच दोन्हीत असतात. वेस ओलांडली की बहुतेक ठिकाणी नुसती डच. परदेशातून आलेल्यानं तिथं गावच्या कचेरीत नाव नोंदवावं लागतं. मग पोलीस घरी येऊन बघून जातो, हा खरंच इथं राहतो की नुसता कागदावर. मी पुण्यात दोन वर्षं फ्रेंचचा क्लास केलेला. ऐटीत खिडकीशी गेलो आणि क्लासातलं सगळ्यात लांब वाक्य टाकलं.

पलीकडं पन्नाशीचे गृहस्थ. चष्मा दोरीला बांधून छातीवर सोडलेला. त्यांना माझं सगळं समजलं होतं, डोळ्यांत दिसत होतं. उत्तर दिलं डचमध्ये. मी पुन्हा फ्रेंच बोललो. त्यांनी पुन्हा डच, जरा मोठ्यानं.

दुसऱ्या कुणाला अपमान वाटला असता. मला भडभडून आलं. हा चेहरा मी इयत्ता तिसरीपासून ओळखतो! बाबांचं बोट धरून मी ज्या ज्या खिडकीशी उभा राहिलो, तिथं हाच चेहरा होता, फक्त कपाळाला विभूती असायची आणि वाक्य असायचं, "कन्नडदाग बरकोंड बर्री." म्हणजे, कन्नडमध्ये लिहून आणा. समोरच्याला मराठी येत असतं. त्याची बायकोही बऱ्याचदा निपाणीची असते. पण खिडकीत बसलं की येत नाही.

यावर बाबांचा एक तोडगा होता. आधी "नमस्कार री". मग "स्वल्प स्वल्प कन्नडा बरतैतरी", थोडं थोडं येतं हो. मग "ऊटा आतेनरी?", जेवण झालं का? एवढं झालं की कागद सरकवायचा आणि उरलेलं बिनधास्त मराठीत बोलायचं. समोरचाही मग मराठीत येतो. कन्नड येणं महत्त्वाचं नसतं, तीन वाक्यं वाकून म्हणणं महत्त्वाचं असतं.

मी घरी गेलो, रात्रभर तीन वाक्यं घोकली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीशी. नमस्कार झाला. "इक स्प्रेक एन बेच्ये नेदरलांट्स", थोडं थोडं डच बोलतो, हेही झालं. गृहस्थांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, शुभशकुन. मग मी जेवलात का विचारलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. बाराला दहा कमी होते, बाराला खिडकी बंद. त्यांना वाटलं मी टोमणा मारतोय. बाबांचा तोडगा जसाच्या तसा निर्यात करता येत नाही, हे तेव्हा कळलं.

त्यात कागद निघाले. पासपोर्टवर जन्मगाव 'बेलगाम', नव्यानं काढलेल्या जन्मदाखल्यावर 'बेळगावी'. गृहस्थांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, दोन्हीवर एकेक बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. एक माणूस, दोन गावं. माणूस दोनदा जन्मला कसा?

माझं डच संपलं होतं. आणि एकदम हायवेवरच्या पाट्या आठवल्या. एकदा सहकाऱ्याच्या गाडीतून मॉन्सला निघालो होतो. फ्लेमिश हद्दीत पाट्यांवर सगळीकडं 'बेर्गेन'. भाषेची हद्द ओलांडली तसं त्याच गावाचं 'मॉन्स' झालं. दोन्हीचा अर्थ डोंगर. इतकंच काय, लील हे फ्रान्समधलं गाव, तेही डच पाटीवर 'रैसल' होतं. शेजाऱ्याच्या पोराचंसुद्धा बारसं करायचं, हे आम्हालाही सुचलं नव्हतं.

मी दोन्ही कागदांवर बोट आपटून म्हणालो, "मॉन्स. बेर्गेन."

गृहस्थ थांबले. मग हसले. असे हसले की चष्मा घसरून परत दोरीला लोंबकळला. आणि चक्क इंग्रजीत विचारलं, "तुमच्याकडंही?"

मग बाराला खिडकी बंद झाली, पण आम्ही नाही. ते सांगू लागले, १९६८ मध्ये भाषेवरून लूव्हेनचं विद्यापीठ फुटलं, तेव्हा ग्रंथालयातली पुस्तकं सम आणि विषम नंबरांनी वाटून घेतली. मी म्हटलं, असली वाटणी आमच्या खानापूरकडं भाऊबंदकीत होते. ते म्हणाले, त्यांचे वडील रात्री जाऊन पाट्यांवरची फ्रेंच नावं डांबरानं पुसायचे. मी म्हटलं, माझ्या काकांचाही डबा डांबराचाच होता, नावं तेवढी कन्नड. दोन्हीकडच्या बायकांनी शर्टावरच्या डागांवरून काय ऐकवलं असेल, यावर आमचं एकमत झालं.

शिक्का बसला. निघताना त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "बॉन झुर्ने." फ्रेंच! ज्या देशात २०२४ मध्ये रेल्वेच्या कंडक्टरनं फ्लेमिश हद्दीत 'बोंझूर' म्हटलं म्हणून प्रवाशानं तक्रार केली, तिथं एखाद्यानं खिडकीतून एवढं द्यावं, हे काय थोडं झालं?

यंदा गणपतीला घरी आलो. घरपट्टीवर नाव चढवायचं राहिलेलं. "जाऊन ये की," आई म्हणाली, "तू तर आता फॉरेनच्या कचेऱ्या हाताळूलालास." गेलो. खिडकीत नवा पोरगा, कपाळाला विभूती. मी छाती पुढं काढून "नमस्कार री" म्हटलं आणि पुढचं वाक्य सवयीनं तोंडातून निघालं: "इक स्प्रेक एन बेच्ये..."

पोरगं माझ्याकडं बघत राहिलं. मग मागं वळून साहेबांना म्हणालं, "सर, इवरिगे कन्नडा बरूदिल्लरी." म्हणजे, यांना कन्नड येत नाही.