त्याचं नाव मी ठेवलंय

परवा लॅबमध्ये एक गृहस्थ शिरले, माझ्या कीबोर्डशेजारी हेल्मेट आपटलं आणि म्हणाले, "लॅब असिस्टंट कोण? माझ्या मुलाचं सबमिशन उडवलंत तुम्ही."

चिरंजीवांचा पराक्रम थोडक्यात सांगतो. ऐरोलीतल्या आमच्या कॉलेजात प्रत्येक पोराला लिनक्सवर स्वतःचं खातं आणि होम फोल्डर मिळतो. फोल्डरवर कुणाचा किती हक्क, ते आकड्यांत लिहितात: वाचायचे 4, लिहायचे 2, चालवायचा 1. यांची बेरीज मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी वेगवेगळी. मी 700 लावून देतो, म्हणजे मालक सोडून कुणी आत नाही. मित्रांना प्रॅक्टिकल छापता यावं म्हणून चिरंजीवांनी 777 केलं, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं. कुणीतरी छापलं आणि मूळ फाइलच उडवली. फोल्डरवर लिहायचा हक्क असला की आतली फाइल दुसऱ्याची असली तरी डिलीट होते, हे मी वर्षाच्या सुरुवातीलाच सांगतो. तेव्हा पोरं रील बघत असतात.

"त्याचा पासवर्ड द्या. मी स्वतः बघतो."

"मलाही माहीत नाही, काका."

"तुम्ही ॲडमिन ना?"

"हो, पण मशीन पासवर्ड जसाच्या तसा ठेवतच नाही. त्याचा हॅश ठेवतं, म्हणजे गणिताने केलेला चुरा. त्यावरून उलटं जाता येत नाही. नवा देता येईल, तोही त्यालाच."

"त्याचं नाव मी ठेवलंय!"

यावर काय बोलणार?

"कोपरखैरण्याला आमच्या सोसायटीत मी सेक्रेटरी आहे. सगळ्या फ्लॅटच्या डुप्लिकेट चाव्या माझ्याकडे असतात."

"सगळे देतात?"

"दोघं सोडून. त्यांची नावं नोटीस बोर्डावर लावलीत."

त्या दोघांना मनातल्या मनात नमस्कार केला. तेवढ्यात आमचे शिपाईमामा चहा घेऊन आले. काकांनी त्यांनाच गाठलं. "तुम्हाला माहितीये का हो पासवर्ड?"

"वायफायचा ना?" मामांनी घडाघडा सांगून टाकला, त्यातलं कॅपिटल अक्षर कुठलं तेसुद्धा.

काकांनी खिशातून डायरी काढली, नीट लिहून घेतलं, खाली रेघ मारली. "बघा! माणूस असा पाहिजे." माझ्यासाठी आलेला चहाही त्यांनीच घेतला.

तिथून ते थेट एचओडींकडे. संध्याकाळी मला बोलावणं. "पालकांशी जरा नीट बोलत जा." रात्रीच्या बॅकअपमधून ती फाइल शोधून मी जागेवर ठेवली होती, त्याबद्दल अवाक्षर नाही. फाइल उडाली की ॲडमिनने उडवली; परत आली की ती आपोआप आली. पोरांनी आपला कोटा, म्हणजे वाट्याला आलेली डिस्कवरची जागा, सिनेमांनी भरली तरी सर्व्हर माझा स्लो. आता रोज सगळ्यांचे फोल्डर तपासून 777 दिसेल तिथे 700 करायचं, असा लेखी आदेश निघालाय. जास्तीचे पैसे? छे!

आज सकाळी केलं. दुपारी चिरंजीव हजर.

"सर, परमिशन कोणी बदलली? ग्रुपमधल्यांना माझी फाइल उघडत नाहीये. पप्पांना सांगू का?"