झँथन गममध्ये हिस्टामीन असतं म्हणे!

सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय. हिस्टामीन इनटॉलरन्स (म्हणजे खाण्यातलं हिस्टामीन हे रसायन शरीराला नीट मोडता न येणं) असेल तर झँथन गमला (सॉस वगैरे दाट करायला घालतात तो पदार्थ) हातही लावू नका म्हणे, कारण ते बॅक्टेरियापासून बनतं म्हणजे फर्मेंटेड, वर ते हिस्टामीन मोडणारं डीएओ एन्झाइमही बंद पाडतं, त्यापेक्षा ग्वार गम घ्या.

फर्मेंटेडचं आधी बघू. हिस्टामीन तयार व्हायला हिस्टिडीन हे अमिनो अॅसिड लागतं आणि त्याचं हिस्टामीन करणारे जंतू लागतात. मुरवलेलं चीज, नीट थंड न ठेवलेला मासा यात प्रोटीन भरपूर, म्हणून तिथे ते साठतं. झँथन बनवणाऱ्या झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिसला मुख्यतः साखर खायला घालतात आणि तो देतो एक लांबलचक पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या रेणूंची साखळी. मग ते सगळं तापवतात, त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल ओततात, गम गोळा होऊन बाहेर येतो आणि हिस्टामीनसारखे विरघळणारे छोटे रेणू असलेच तर बहुतेक त्या पाण्यातच राहतात. (नुसतं उकळून हिस्टामीन जात नाही हे बरोबर आहे, पण इथे भिस्त उकळण्यावर नाहीच.)

बरं, तरी धरून चालू की गममध्ये हिस्टामीन आहे, तेही माशासाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची) जी मर्यादा आहे तितकं, म्हणजे किलोला 200 मिलिग्रॅम. सॉसमध्ये गम साधारण 0.3 टक्के, म्हणजे 100 ग्रॅम सॉसमध्ये 0.3 ग्रॅम गम आणि त्यात हिस्टामीन 0.06 मिलिग्रॅम! 100 ग्रॅम माशात 20 मिलिग्रॅम. करा हिशोब.

डीएओ बंद पडतं याला पुरावा काय, ते मेसेजमध्ये कुठेच नाही. मुळात हा रेणू एवढा मोठा की तो अख्खा रक्तात जातच नाही, मोठ्या आतड्यातले जंतू त्याला खातात.

आणि तिथेच खरी गोम आहे. गमने काहींना गॅस होतो, पोट फुगतं, पातळ होतं, ते खोटं नाही, पण हिस्टामीनचा त्रासही पोटात असाच दिसतो म्हणून लोक दोन्ही एकाच खात्यात टाकतात. ग्वार गम बियांपासून येतो खरा, पण आतड्यात तोही फर्मेंट होतो, मग बदलून मिळवलं काय?

सावध राहायचं ते वेगळ्याच ठिकाणी. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना झँथनवालं थिकनर (दूध वगैरे दाट करायचं) देऊ नका असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध प्रशासनाने) 2011 मध्ये दिलाय, त्याचा हिस्टामीनशी संबंध नाही, पण मेसेज फिरवायचाच तर तो फिरवा. बाकी बाटलीतला सॉस खाऊन त्रास झाला तर लेबलवर गमच्या आधी काय लिहिलंय ते बघा, हिस्टामीनच्या त्रासासाठी ज्यांची नावं घेतात त्या टोमॅटो, व्हिनेगर, सोया सॉस यातलं काहीतरी निघेलच बहुतेक.