टेट, तेलाचा पैसा आणि कर्ब : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ब्रिटनमधल्या टेट या चार कलासंग्रहालयांनी जुलै 2019 मध्ये हवामान आणीबाणी जाहीर केली, त्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतले आहेत. सिमेंटच्या कारखान्यापुढे संग्रहालयाचं कर्बवायूंचं उत्सर्जन ते किती. तेल कंपन्यांच्या पैशावरच तिथला मोफत प्रवेश चालत होता. आणि प्रेक्षक विमानाने येतात ते मी मोजलंच नाही. तिसरा आक्षेप मला लागला, त्याकडे शेवटी येतो.

आधी पैशाचं. 1990 ते 2006 या 17 वर्षांत बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने टेटला एकूण 38 लाख पौंड दिले. वर्षाला सरासरी सव्वादोन लाखसुद्धा भरत नाहीत. हा आकडा टेटने आपणहून दिला नव्हता. माहितीच्या अधिकारासाठी भांडावं लागलं, तेव्हा 2015 मध्ये तो बाहेर आला. बीपीचा करार 2017 मध्ये संपला आणि कायमचा संग्रह आजही मोफत बघता येतो, कारण त्याला सरकारी अनुदानाचा आधार आहे. टेटने तेलाचा पैसा घेऊ नये म्हणून झगडणाऱ्या ‘लिबरेट टेट’ गटाच्या कार्यकर्त्यांनी 2012 मध्ये साडेसोळा मीटर लांबीचं पवनचक्कीचं पातं सुट्या भागांत आणून लंडनच्या टेट मॉडर्नमधल्या टर्बाइन हॉलमध्ये जोडलं होतं. तो हॉल 1981 पर्यंत तेलावर चालणाऱ्या वीजकेंद्राचा होता, हे लक्षात घेतलं की त्या कृतीचं वजन कळतं. याउलट ब्रिटिश म्युझियमने 2023 च्या डिसेंबरात बीपीकडून दहा वर्षांसाठी 5 कोटी पौंड स्वीकारले. मला ते आजही खुपतं.

आता ‘उत्सर्जन ते किती’. पावसाळ्यात आपल्या घरातलं लाकडी दार फुगतं आणि लागेनासं होतं. लाकडी फळीवर रंगवलेल्या चित्राचंही तसंच होतं. लाकूड हलतं, वरचा रंग हलत नाही आणि त्याचे पापुद्रे सुटतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीची चित्रं वेल्समधल्या मॅनॉडच्या पाटीच्या दगडाच्या खाणीत ठेवली होती. तिथे तापमान 17 अंश आणि आर्द्रता 42 टक्के अशी स्थिर राखली होती. चित्रं तिथे चांगली राहिली. लंडनला परतल्यावर मात्र रंग सुटू लागला. त्या धड्यातून स्थिर हवेचा आग्रह पक्का झाला आणि पुढे तो ‘आर्द्रता 50 टक्के, पाच इकडे किंवा तिकडे’ अशा कडक नियमापर्यंत गेला. हा नियम पाळायचा तर हवा आधी इतकी गार करायची की तिच्यातलं पाणी गळून जाईल, मग तीच हवा पुन्हा तापवायची. रात्रंदिवस, वर्षभर. दोनदा वीज जाते ती इथे.

मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांच्या बिझो गटाने 2014-15 मध्ये बहुतेक वस्तूंसाठी 40 ते 60 टक्के आर्द्रता आणि 16 ते 25 अंश तापमान चालेल असं मान्य केलं. अट एवढीच की चढउतार सावकाश व्हावा. कलाकृती उसनी देणारं संग्रहालय जुन्या अटींवर अडून बसलं तर घेणाऱ्यालाही यंत्रं तशीच चालवावी लागतात. म्हणून टेटसारख्या बड्या संस्थेने काय मान्य केलं याचा परिणाम तिच्या चार इमारतींपुरता राहत नाही. सिमेंटच्या कारखान्याशी तुलना करताना हे निसटतं.

आणि प्रवास. तुमचं बरोबर आहे. ज्युलीज बायसिकल या संस्थेच्या 2021 च्या अंदाजानुसार जगभरच्या दृश्यकलेचं उत्सर्जन वर्षाला सुमारे 7 कोटी टन आहे. प्रेक्षकांचा प्रवास वगळला तर ते 1 कोटी 80 लाखांवर येतं. मी कर्मचाऱ्यांसाठी ‘आधी रेल्वे’ हे टेटचं धोरण आणि 2030 चं शून्य उत्सर्जनाचं वचन कौतुकाने लिहिलं, पण त्या शून्यात प्रेक्षकांची विमानं धरली आहेत का, हा प्रश्न विचारलाच नाही. तो विचारायला हवा होता. मूळ लेखात आज तो परिच्छेद बदलतो आहे.