काका, गाडी का थांबलीय?

ट्रक पुढं कुणीही नेतो. आमचे उस्ताद म्हणायचे, ड्रायव्हर ओळखायचा दोन गोष्टींवरनं: गाडी मागं कशी घेतो आणि मालकाला थापा कशा मारतो. पहिली विद्या मी अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बोळात शिकलो, दुसरी टेंभुर्णीच्या एसटीडी बूथवर. मग मधली बरीच वर्षं जुळे सोलापुरात किराणा दुकान टाकून बसलो. दुकान बरं चाललं, उधारीची वही त्याहून बरी चालली. शेवटी पोराच्या कॉलेजची फी गल्ल्यात मावेना, तेव्हा मी जाहीर केलं की आपण परत लाइनवर जाणार.

बायको म्हणाली, "अहो, माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढलात तर उतरवायला शेजारच्यांना हाक मारावी लागते. केबिनमध्ये चढणार कसे?"

मी म्हणालो, चढेन. उतरण्याबद्दल तिनं विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

पहिलं लचांड लायसनचं. ट्रान्सपोर्टचं लायसन पूर्वी तीन वर्षांचं मिळायचं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांचं झालं. पण मुदत संपून वर्ष उलटलं की नुसते पैसे भरून भागत नाही, गाडी चालवून दाखवावी लागते. वायपर बंद पडलेली गाडी भर पावसात बोरघाटातनं खाली आणलेल्या माणसानं आता मिसरूड फुटलेल्या पोरांच्या रांगेत उभं राहायचं! माझ्या पुढच्यानं मागं वळून आदरानं विचारलं, "काका, मुलाला घेऊन आलाय का?"

त्याच्याही आधी डॉक्टरचा दाखला. फॉर्म १-अ मध्ये एक मोठा मजेचा प्रश्न आहे: भर उजेडात २५ मीटरवरनं गाडीची नंबर प्लेट वाचता येते का? आता दवाखानाच दहा बाय बाराचा. डॉक्टरांनी मला गॅलरीत नेलं आणि रस्त्यापलीकडच्या रिक्षाकडं बोट केलं. "वाचा."

"एमएच तेरा," मी ताडकन सांगितलं. सोलापुरात एमएच तेरा वाचायला डोळे कशाला लागतात?

"पुढचं?"

पुढच्यासाठी मी डोळे बारीक केले, मान वाकडी केली, कठड्यावरनं जरा ओणवा झालो. तेवढ्यात रिक्षाला भाडं मिळालं आणि ती निघून गेली.

"दिसली का नाही?" डॉक्टर म्हणाले.

"जाताना दिसली."

त्यांनी आधी चष्मा करायला लावला, मग दाखला दिला.

गाडी मिळाली ती नवी कोरी, दहा टायरची. जुन्या गाडीच्या क्लचवर अख्खा माणूस उभा राहायचा, तेव्हा कुठं तो दबायचा. त्याच सवयीनं मी पाय मारला, तर पेडल लोण्यात सुरी जावी तसं तळाला गेलं आणि मी सीटवरनं निम्मा खाली. स्टेअरिंगला खांदा लावला, तर गाडी आमच्या हुंडेकऱ्यांच्या, म्हणजे माल ठरवून देणाऱ्यांच्या ऑफिसकडं बघायला लागली. हातापायांना सगळं आठवत होतं, पण ते दुसऱ्याच गाडीचं.

डिझेलच्या टाकीजवळ निळ्या झाकणाची एक छोटी टाकी. त्यात युरियाचं पाणी घालायचं. धुरातला विषारी वायू मारायला ते लागतं, म्हणून धुराचा बीएस-६ हा नियम आल्यापासून नव्या ट्रकला ही टाकी असते. पाणी संपत आलं की गाडी आधी दिवा लावून सांगते. नाहीच ऐकलं तर ओढणंच सोडते. पूर्वी गाडी रुसली की बॉनेट उघडून, चार शिव्या देऊन कारण शोधावं लागायचं. ही बया आपली तक्रार लेखी देते, तीही इंग्रजीत.

क्लीनर मात्र नाही. परवडत नाही म्हणे, आणि मागं कॅमेरा आहेच की. पहिला लोड टॉवेलच्या गासड्यांचा, न्हावा शेवा बंदराला जाणारा. कारखाना माझ्याच जुन्या बोळात. दोन्ही बाजूंना लूमचा खडखडाट, त्यात रिव्हर्सची पिकपिक मलाच ऐकू येईना. स्क्रीनवर बघितलं तर एक कुत्रं निवांत पसरलेलं. ते हलेना, म्हणून मी जुन्या पद्धतीनं खिडकीतनं डोकं बाहेर काढलं. झालं, अख्खा बोळ क्लीनर झाला.

पानटपरीवाला ओरडला, "येऊ द्या, येऊ द्या, काटून घ्या!" विड्या वळत बसलेली एक अक्का सूप मांडीवरनं खाली न ठेवता तेलुगूत म्हणाली, "रानी, रानी!" ट्रकच्या मागच्या फाळक्याजवळचा हमाल हात हलवत कानडीत, "बर्ली, बर्ली!" वरनं गच्चीत कपडे वाळत घालणारा एकजण, "का बे, डावीकडं जागा पडलीय की!" मागं या म्हणणारे तिन्ही भाषांत होते, थांबा म्हणणारा एकाही भाषेत नव्हता. शेवटी थांबवलं ते कारखान्याच्या भिंतीनं. फार नाही, जरा पोपडे निघाले. पानटपरीवाला मान डोलवत म्हणाला, "बसली बघा बरोब्बर." कुत्रं तेवढं कधीच उठून सावलीत गेलं होतं.

तेव्हा पहिली विद्या अजून शाबूत आहे, असं धरून चालू. वाट लागली ती दुसरीची.

थाप मारणं ही एके काळी घडीव गोष्ट होती. 'टायर फुटला' ही नवशिक्याची थाप. मालक लगेच टायर दाखव म्हणायचा. 'पाटा तुटला', म्हणजे चाकावरची स्प्रिंग गेली, ही जरा बरी. सगळ्यात उत्तम 'घाटात जाम', कारण जामची पावती नसते. मी टेंभुर्णीत मटण-भाकरी हाणून बूथवरनं फोन लावायचो, "मालक, खोपोली सोडली." मागनं कंडक्टर ओरडत असायचा, "चला करमाळा, करमाळा!" मालक म्हणायचे, "खोपोलीतनं करमाळा गाडी कधीपासनं सुरू झाली रे?" आणि हसून फोन ठेवायचे. गाडी सकाळी पोचली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. मधल्या रात्रीचा मालक ड्रायव्हर.

आता त्या रात्रीचे मालक किती आहेत बघा. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस, प्रत्येक टोलनाक्यावर आडवा दांडा वर जातो आणि मालकाच्या मोबाइलवर मेसेज पडतो. मालासोबतच्या ऑनलाइन परवान्याला, ई-वे बिलाला, मुदत दोनशे किलोमीटरमागं एक दिवस. पूर्वीचे जकातनाके गेले, जीएसटी आल्यावर विक्रीकराचे नाके गेले, त्याबद्दल सरकारचे आभारच मानतो. पण त्या नाक्यांवर उशीर व्हायचा आणि तो उशीर हक्कानं मालकाला सांगता यायचा, तीही सोय त्यांच्याबरोबर गेली. वर जीपीएस. ऑफिसात एक पोरगा बसतो, माझ्या लेकापेक्षा लहान, आवाज मधाळ. गाडी जरा कुठं उभी राहिली की फोन.

"काका, गाडी का थांबलीय?"

"चहाला."

"काका, मघाशी पण चहालाच थांबला होता."

"मघाचा गार होता."

त्याच्या स्क्रीनवर म्हणे कारणांची यादी असते: डिझेल, जेवण, पंक्चर, वाहतूक कोंडी, इतर. मी आयुष्यभर 'इतर'मध्येच थांबत आलोय. ओळखीचा ड्रायव्हर दिसला, थांबलो. शेंगाची चटणी अन् कडक भाकरी वाऱ्यावर बसून खावीशी वाटली, थांबलो. हे त्याला सांगून काय कळणार?

मग मी सुधारलो. नाइलाजानं का होईना, खरं बोलायला लागलो. त्याची परीक्षा लगेच आली. मोहोळच्या पुढं, रात्रीची वेळ, गळीत हंगाम ऐन भरात. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आमच्या जिल्ह्यात, त्यामुळं हिवाळ्यात हायवे निम्मा आमचा आणि निम्मा उसाचा. डबल ट्रॉली, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, ट्रॅक्टरवर कर्ण्याएवढा स्पीकर. त्यातली एक कलंडली होती आणि सगळा रस्ता उसानं भरला होता. जीवितहानी शून्य. ट्रॅक्टरवाला बांधावर बसून ऊस सोलून खात होता. मी इंजिन बंद केलं. फोन वाजला.

"काका, गाडी का थांबलीय?"

"पुढं जाम आहे रे."

"मॅपवर तर रस्ता निळा दिसतोय."

"मॅपला अजून कळलं नसेल. ट्रॉली पडलीय उसाची."

"काका..." त्याच्या आवाजात माझ्या जुन्या मालकांचं ते हसू होतं. "फोटो टाका ना."

खाली उतरलो, गुडघ्यांनी विठ्ठलाचं नाव घेतलं, फोटो काढला, पाठवला. थोड्या वेळानं पुन्हा फोन.

"काका, यात नुसता ऊसच दिसतोय. ट्रॉली कुठंय?"

"उसाखाली."