खाली लाव्हा नाही रे, दगड आहे!

पम्याने ठणकावून सांगितलं, "आपण सगळे उकळत्या लाव्ह्यावर तरंगतोय. पुस्तकातलं चित्र आठव, कवचाखाली सगळं नारिंगी!"

"रंग नारिंगी म्हणून रस झाला का?" नेहा उसळली. "भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जातच नाहीत. कवचाखालच्या प्रावरणातून मात्र खुशाल जातात, अडतात त्या थेट बाह्य गाभ्याशी, २९०० किलोमीटरवर. शिवाय कवच संपून प्रावरण लागलं की प्राथमिक लहरींचा वेग वाढतो, सेकंदाला ८ किलोमीटरच्या घरात जातो. मोहोरोविचिच या क्रोएशियन शास्त्रज्ञाने १९०९च्या भूकंपावरून हेच तर ओळखलं."

बंड्याला पुरावा हातात हवा असतो. "पण बघितलंय कोणी? रशियात कोलाला खणलेलं भोक १२ किलोमीटरवर थांबलं, तेही कवचातच."

"भोक कशाला? ज्वालामुखीच प्रावरणाचे तुकडे वर आणून टाकतो. काळ्या बेसाल्टमध्ये अडकलेला हिरवा, साखरेसारखा दाणेदार गोळा दिसतो, तो पेरिडोटाइट. त्यात निम्म्याहून जास्त ऑलिविन, म्हणजे मॅग्नेशियम-लोहाचं सिलिकेट. बाकी पायरॉक्सिन, आणि खोलवरच्या तुकड्यात लालसर गार्नेट."

"मग लाव्हा येतो कुठून?" पम्या हटेना.

इथे मीही तोंड घातलं, कारण खरी गंमत इथेच आहे. शंभरेक किलोमीटरखाली तापमान १३०० अंशांच्या आसपास असतं, पण दाब दगडाला वितळू देत नाही. समुद्रतळाच्या कटकांखाली, म्हणजे पाण्यातल्या डोंगररांगांखाली, तोच दगड वर सरकतो, दाब उतरतो, उष्णता मात्र फारशी उतरत नाही. मग त्यातला थोडा भाग वितळतो आणि बेसाल्ट होऊन बाहेर पडतो. जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो, तिथे हेच काम पाणी करतं, कारण त्याने वितळणांक खाली येतो.

"घट्ट दगड, तर भूपट्ट सरकतात कसे?"

प्रश्न रास्त होता. गरम स्फटिक न वितळताही हळूहळू आकार बदलतात, म्हणून घन प्रावरण लाखो वर्षांच्या हिशोबात वाहतं. स्वीडन-फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखाताचा किनारा हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यापासून अजून वर येतोय, काही ठिकाणी वर्षाला ९ मिलिमीटरच्या आसपास. खालचा दगड परत तिथे सरकतोय, दुसरं काय!

नेहा मग आणखी खोल शिरली. ४१० किलोमीटरवर ऑलिविनची रचना बदलून वॅड्स्लीआइट होतं, त्याहून खाली रिंगवूडाइट. २०१४ मध्ये ब्राझीलच्या एका हिऱ्यात रिंगवूडाइटचा कण सापडल्याचं जाहीर झालं, आणि त्यात वजनाच्या एक टक्क्याहून जास्त पाणी होतं.

पम्या उठूनच बसला. "म्हणजे खाली समुद्र आहे!"

"स्फटिकाच्या जाळीत हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, म्हणून बांधलेलं पाणी आहे ते, थेंबसुद्धा सुटा नाही. आता त्यावर होड्या सोडू नकोस."